बाथरूमची कडी

पनवेल, गुरुवार, संध्याकाळ

पाहुणे आत्ताच गेले.

सईला दमा आहे, हे ह्यांच्या नातेवाइकांत कुणालाच ठाऊक नाही. मुलीची जात, पुढे लग्नाच्या वेळी कुणी बोट दाखवायला नको. म्हणून मीच नऊ वर्षांच्या लेकीला शिकवलं: घरात कुणी असेल तर दम्याचा पंप बाथरूममध्ये घ्यायचा, आतून कडी लावायची आणि नळ सोडायचा. किती पटकन शिकली!

आज सकाळपासून तळोज्याच्या कारखान्यांकडचा तो उग्र वास घरात शिरत होता. ह्यांच्या आत्या चहा घेत होत्या, तेवढ्यात सई उठून आत गेली. कडी लागल्याचा आवाज आला, मग नळाचा. आत्या बोलत होत्या, मी मान डोलवत होते, नळ चालूच. शेवटी उठून दारावर हळूच टकटक केलं. "सई, कडी काढ." आत नुसतं पाणी. तरी मी ओरडले नाही. का नाही ओरडले? आत्या ऐकतील म्हणून?

बऱ्याच वेळाने कडी निघाली. चेहरा पांढराफटक. "आई, कडीपर्यंत हात उचलवतच नव्हता गं," एवढंच कसंबसं म्हणाली. आतल्या खोलीत नेऊन पुन्हा पंप दिला, तेही दार लोटून! हळूहळू धाप ओसरली.

पाहुणे जाताच स्क्रूड्रायव्हर घेऊन कडी उखडून काढली. सई शेजारी उभी राहून बघत होती. म्हणाली, "मग रविवारी आत्याआजी परत आल्या की मी कुठे लपू?"