सावलीत बसलीस तरी चालंल

कराची, मार्गशीर्ष, १९३७

तीर्थरूप गंगाभागीरथी आईच्या पायावर भिमाजीचं डोकं.

मी हितं खुशाल हाय. खोकलाबी आता फक्त रातचाच येतो. तुला ताप येऊन गेला ते नंदाताईच्या पत्रातनं कळलं. तू का न्हाई कळवलंस? काढा घेतीस ना?

आई, मी क्यामेरा घेतला. रागावू नको, तुझी मनीऑर्डर बाजूला काढून मगच घेतला. मला त्यातलं काय कळतंय! दुकानदारानं आधी स्वस्तातला पेटीचा दाखवला. म्हणाला, "माणूस भर उन्हात न हलता उभा राहिला, तर झकास फोटो येतो." मी म्हटलं, "आमची आई न हलता कधी उभी ऱ्हायलीच न्हाई." मग त्यानं मोठ्या भिंगाचा काढला. ह्या क्यामेऱ्यानं सावलीतबी फोटो येतो, माणूस जरा हलला तरी चालतं. तोच घेतला.

तू म्हणशील, फोटो मेल्यावर काढायचा असतो. आबा गेले तवा लोणावळ्याचा फोटोवाला बोलावला, त्यांना खुर्चीत बसवून फेटा बांधला. तेवढाच एक फोटो आपल्या घरात हाय. म्हणून तुला भ्या वाटतं, ते मला ठावं हाय. तुझ्या तापाचं ऐकून मी घाई करतोय, असं मातुर मनात आणू नको.

शिमग्याला इंदुरीला येतो. तू ओट्यावर तांदूळ निवड, कोंबड्या हाकल, मला शिव्या दे. मी तसाच काढीन.

आबांच्या फोटोत डोळे मिटलेले हाईत. तुझे उघडे पायजेत.

तुझा हट्टी,
भिमाजी