शह बसण्याआधी

कुवेत, ८ जुलै १९६१

अब्बा, शरीफाचा सलाम.

"सगळे निघून या" ही तुमची तार मिळाली, म्हणून लिहायला बसले. इराकने कुवेतवर हक्क सांगितला हे खरे. पण ब्रिटिश फौज उतरली आहे, बाजार उघडा आहे, आम्ही बरे आहोत. पाण्याची पिंपे भरून ठेवली आहेत, ती केवळ खबरदारी.

असमाच्या वडिलांना बंदराच्या गोदामातून रजा नाही. त्यांना एकटे टाकून मी येणार नाही. असमाला मात्र पाठवते आहे. "अम्मी, मी काय प्यादं आहे, पुढे ढकलायला?" म्हणाली. मी म्हटले, "तू राजा आहेस." तुमच्या देशी डावात शह बसण्याआधी राजाला एकदाच घोड्याची उडी मिळते ना? इथे अजून शह बसलेला नाही.

ती हा नियम मानत नाही, भांडेल. तिचा देव रशियाचा बुद्धिबळपटू ताल. गेल्या वर्षी जगज्जेत्या बोत्विनिकशी सहाव्या डावात त्याने काळा घोडा कुर्बान केला, तेव्हा प्रेक्षकांनी इतका गलका केला की डाव आतल्या खोलीत हलवावा लागला. हे ती रोज सांगेल, ऐकून घ्या. यंदा ताल हरला, ते मात्र काढू नका.

लष्करी गाड्या जाऊ लागल्यापासून ती दिवा लावून झोपते. हसू नका.

तुमचा दमा कसा आहे?

तुमची शरीफा

शेजारचे मजीदभाई आणि रुकय्याभाभी यांच्या हवाली, बोटीवर: असमा, एक ट्रंक, बुद्धिबळाचा डबा. डब्यात एक काळा घोडा कमी आहे. तो माझ्याजवळ आहे, मीच घेऊन येईन.