आप्पांचा हंडा

उदगीर, शनिवार, दिवेलागण

जीव नुसता कोंडलाय. सकाळी शेजारचे किराणा दुकानवाले आप्पा फाटकाशी आले. "पाळकसाहेब, चर्चच्या आडात पाणी हाय का? गल्लीचे लई हाल हायत." मी म्हणालो, "न्हाई." आड कोरडाच आहे. पण चर्चमधला बाप्तिस्म्याचा हौद उद्याच्या विधीसाठी काठोकाठ भरून ठेवलाय, वर फळ्या टाकून. आप्पांनी हौदाचं विचारलं नव्हतं! ही पळवाट सुचली कशी मला? होय म्हणजे होय आणि नाही म्हणजे नाही, असं रविवारी लोकांना सांगणारा मीच ना?

लातूर नवा जिल्हा झाला, पण तिथून येणारा टँकर काही आला नाही. दुपारी बाहेर कुणी तरी शंका काढली, तेव्हा आप्पा तडकले, "पाळकसाहेब न्हाई म्हणले ना? मग न्हाई." मी आतून ऐकत होतो. तेव्हा तरी बाहेर जायला हवं होतं.

आणि संध्याकाळी तेच आप्पा कुठून तरी लांबून भरून आणलेला हंडा खांद्यावर घेऊन दारात. "तुमच्याकडं बी न्हाई म्हणलाव. घरात लेकरं हायत, राहू द्या."

हंडा चुलीपाशी आहे. मी तहानलेलाच बसलोय. हौद आज उघडला तर मी खोटा ठरतो. उद्या बाप्तिस्म्याला उघडला तरी खोटाच ठरतो.

बायकोला हौदाचं माहीत आहे. आत्ता हंड्याकडे बघून एवढंच म्हणाली, "सकाळी आप्पांना परत द्यायचाय. शेजाऱ्याचं भांडं रिकामं देत नसतात. काय घालून देऊ?"