परक्याचं सुतक

॥ श्री ॥

मुलुंड,
ता. १८ नोव्हेंबर १९५८

चि. सुनंदा हिस विद्याधरचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

भाऊबीजेला तू इथे होतीस तोवर आई गप्प होती. तू बोरिवलीला परतलीस आणि दुसऱ्याच दिवशी तिने मला बजावलं, की इस्पितळाच्या यादीतून माझं नाव काढून ये. ते नाव लिहवून घ्यायला मी चार खेपा घातल्या होत्या, हे तुला ठाऊक आहेच. चार वर्षांपूर्वी डोळ्यांत जखमा होऊन फूल पडलं, तेव्हापासून तिला उजेड आणि अंधार याखेरीज काही कळत नाही. आता मेलेल्या माणसाच्या बुबुळावरची पारदर्शक चकती घेऊन ती दुसऱ्याला बसवता येते. सरकारने गेल्या वर्षी त्यासाठी कायदासुद्धा केला. एका डोळ्याची तरी आशा आहे, असं डॉक्टर म्हणतात. आणि आमच्या मातोश्री नको म्हणतात!

तिचं म्हणणं असं, की मेल्यावर ज्याचे डोळे काढतात तो पुढच्या जन्मी आंधळा होतो, आणि कुणाच्या जन्माची दृष्टी चोरून मला पाहायचं नाही. मी चिडून विचारलं, की पुढचा जन्म कुणी पाहिलाय? ती म्हणाली, मी तर हाही पाहत नाही.

दुसरी अडचणही आहे. शस्त्रक्रियेनंतर दहा दिवस डोळे बांधून उताणं पडायचं, मान हलवायची नाही. एक बाई तिसऱ्याच दिवशी उठून बसली आणि बसवलेला डोळा फुकट गेला, असं डॉक्टरांनीच सांगितलं. दहा दिवस आंघोळ नाही, देवपूजा नाही, हे आई कसं सोसणार?

इथल्या वाचनालयात जानेवारीत वादसभा आहे. विषय, समाजाला धर्म आणि विज्ञान दोन्ही लागतात काय. धर्म लागत नाही या बाजूने मी बोलणार आहे. भांडुपच्या रंगाच्या कारखान्यात दिवसभर परीक्षानळ्या हाताळतो म्हणून माझं नाव सुचवलं असेल. पण दाखले मला घरातच मिळतायत. असला अडाणीपणा आणखी कुठे शोधू?

तुझं ती ऐकते. एकदा येऊन समजाव. चि. नलूला गोड पापा. लोभ आहे तो राहू दे, आईची बाजू घेतलीस तरी.

तुझा
दादा

॥ श्री ॥

बोरिवली,
ता. २४ नोव्हेंबर १९५८

तीर्थरूप दादास सुनंदाचे कृ. सा. न. वि. वि.

काल तू वाचनालयात दाखले गोळा करत होतास तेव्हा मी येऊन गेले. कुंदावहिनीने सांगितलं असेलच.

मी आईला दधीची ऋषींची गोष्ट सांगून पाहिली. त्यांनी देवांना स्वतःची हाडं दिली, मग डोळ्याचं काय एवढं? ती शांतपणे म्हणाली, दधीचींना देवांनी आधी विचारलं होतं. या माणसाला कुणी विचारलं? दादा, तू इतके दिवस तिच्याशी पुढच्या जन्मावरून भांडतोयस. ती मात्र विचारतेय, की ज्याचा डोळा त्याने स्वखुशीने दिला का. हा प्रश्न तुला तरी अडाणी वाटतो का रे?

तिला मीही नीट समजावू शकले नाही, हे खरं. पण तू ओरडू नकोस. घरात तुझा आवाज चढला की ती पदर चाळवत बसते, हे तुझ्या लक्षात येत नाही, माझ्या आलं.

तुझ्या वादसभेचं म्हणशील, तर आमच्याकडे बघ. हे आरे कॉलनीत दिवसभर दुधातले जंतू मोजतात आणि घरी आले की त्याच दुधाची पहिली वाटी देवापुढे ठेवतात. मी एकदा विचारलं, की देवासाठी जंतू मोजले होते का? म्हणाले, देवाला देतोय म्हणून तर दोनदा मोजले! यांना तू कुठल्या बाजूला बसवणार?

मोठ्यांना नमस्कार, वहिनीला सप्रेम. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस, मग हवा तेवढा राग.

तुझी
सुनंदा

॥ श्री ॥

मुलुंड,
ता. ५ डिसेंबर १९५८

चि. सुनंदा हिस अ. उ. आ.

आधी बातमी, मग कबुली. बातमी ही, की परवा बुधवारी आईच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. कबुली ही, की मी तिला खोटं बोलून नेलं.

सकाळी साडेनऊला कारखान्यात इस्पितळाचा फोन आला, की पहाटे एक मनुष्य वारला आहे, दुपारच्या आत पोचा. यादीतलं नाव मी काढलंच नव्हतं. घरी येऊन आईला सांगितलं, की डॉक्टरांनी नुसतं तपासायला बोलावलंय. ती बिचारी निमूट निघाली.

व्हरांड्यात बायकांचं रडणं चाललं होतं. कोण गेलं, असं आईने तिथल्या आयाबाईला विचारलं. आयाबाईने भाबडेपणाने सगळं सांगून टाकलं. वेसाव्याचा भिकाजी कोळी, दोन महिने पोटाच्या दुखण्याने पडून होता, त्याचाच डोळा तुम्हाला बसवणार ना, आजी? आई भिंत चाचपत खालीच बसली. ती रागावली तर बरं होईल, असं मी मनात म्हणत होतो. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, की घरून निघताना सांगितलं असतंस तर मी कुठे पळून जाणार होते, विद्याधर? सुनंदा, मला मान वर करता आली नाही.

मग म्हणाली, मला त्या बाईकडे घेऊन चल. डॉक्टर घड्याळ बघत होते. मी नेलं.

भिकाजीची बायको मथुरा बाकावर बसली होती. तिचा धाकटा दीर अनंता पाठ फिरवून उभा होता. आईने चाचपून मथुरेचा हात धरला आणि विचारलं, की डोळे द्यायचं तुम्ही ठरवलंत की त्यांनी? मथुरेने सांगितलं, की त्यांनीच. समोरच्या खाटेवर एका माणसाची पट्टी सोडली, तेव्हा त्याने भिंतीवरच्या घड्याळातले वाजले किती ते मोठ्याने वाचलं. ते पाहून भिकाजीने स्वतः डॉक्टरांना हाक मारली आणि कागदावर अंगठा उठवला. बायकोला म्हणाला, जाळायचंच आहे तर धडधाकट डोळा कशाला जाळायचा?

एवढं सांगून मथुरा आईच्या गळ्यात पडली. दीर बोलतो, गाव बोलतं, की तू नवऱ्याला पुढच्या जन्मी आंधळं केलंस. तुम्ही पूजाअर्चा करणाऱ्या घरातल्या, तुम्ही सांगा, हे खरं का?

गेले पंधरा-वीस दिवस आई मला हेच तर सांगत होती. ती चाचपत बाकावर मथुरेशेजारी बसली. मग म्हणाली, खरं-खोटं मला माहीत नाही बाई, मीही तसंच ऐकत आलेय. पण समजून उमजून देणाऱ्याला देव आंधळं करत असेल, तर तो देव मी कधी पुजलेला नाही. तुमच्या माणसाचे दहा दिवस मी धरीन. आजपासून ते माझ्या घरचे.

आणि उठून मला म्हणाली, चल, डॉक्टरांना उशीर होतोय.

आता ती उताणी पडून आहे. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवल्या आहेत. पूजेवाचून कशी राहशील, असं मी विचारलं तर म्हणते, सुतकात पूजा करतात का रे? मला आपला माणूस गेल्यासारखं पडून राहायचंय. डॉक्टर थक्क आहेत; अशी रोगी त्यांनी पाहिली नाही म्हणे. पण दहा दिवस जाईपर्यंत माझ्या जिवात जीव नाही. ती खोकली तरी मी दचकतो.

नलूला गोवर आल्याचं कळलं. तो जाईपर्यंत तू येऊ नकोस, डॉक्टरांनी बजावलंय. तुझ्या आशीर्वादांची नसली तरी तुझ्या शिव्यांची गरज आहे. त्या पाठव आणि माया ठेव.

तुझा अपराधी
दादा

॥ श्री ॥

बोरिवली,
ता. ८ डिसेंबर १९५८

तीर्थरूप दादास कृ. सा. न. वि. वि.

शिव्या भेटीत देईन, पत्राला पुरणार नाहीत. इतकी वर्षं आईला ओळखतोस आणि तिच्याशी खोटं बोलायची वेळ आली? पण तू ते मला लिहिलंस, म्हणून निम्म्या माफ.

नलूचा ताप उतरला, पुरळ मावळतंय. मी मात्र खिडकीशी बसून मुलुंडकडे तोंड करते, जणू तिथून दिसणार आहे काही.

आईने भिकाजींना घरचे म्हटलं, म्हणून मी लग्न झालेल्या मुलीसारखे तीन दिवस धरले. ह्यांनी विचारलं, कोण गेलं? मी सगळं सांगितलं. तीन दिवस दुधाची वाटी देवापुढे गेली नाही.

दहाव्या दिवशी त्या माणसाच्या नावाने आपल्या घरून तिळाचं पाणी सोडायला हवं. आई उठू शकत नाही, म्हणजे ते तुझ्याकडे आलं. वादसभेतलं तुझं मत बदलू नकोस हवं तर. फक्त पाणी सोड.

वहिनीला सांग, इस्पितळात डबा घेऊन जाताना आईला हसवू नकोस. आम्हा तिघांवर दृष्टी असू दे.

तुझी
सुनंदा

॥ श्री ॥

मुलुंड,
ता. १४ डिसेंबर १९५८

चि. सुनंदा हिस अ. उ. आ.

आईला दिसलं! हे आधी लिहून मोकळा होतो.

काल पट्टी सोडली. डॉक्टरांनी तिला हळूहळू डोळा उघडायला सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने काय म्हणावं? सदऱ्याचं बटण तुटलंय, कुंदाचं लक्ष कुठे असतं? सुनंदा, मी त्या वॉर्डात सगळ्यांसमोर रडलो. तुझी वहिनी तर बटणाचा राग मानायचंही विसरली. चकती स्वच्छ राहिली आहे, टाके पुढे काढतील, थोडं धूसर आहे ते निवळेल, असं डॉक्टर म्हणाले. छातीवरचा धोंडा उतरला बघ.

आता तुझं काम. शुक्रवारी दहावा दिवस होता. गुरुजींकडे गेलो तर ते म्हणाले, परक्याचं सुतक शास्त्रात नाही. मी खुशीने परत निघालो होतो. त्यांनीच मागे बोलावलं आणि म्हणाले, की शास्त्रात नाही, पण तुमच्या आईंनी धरलंय, तर पाणी सोडायला मी कोण आडवा येणारा? गोत्र विचारलं. मला कुठून ठाऊक? ज्याचं गोत्र माहीत नाही त्याचं काश्यप म्हणतात, एवढं त्यांच्याकडून शिकलो.

मी तीळ घेतले, नाव उच्चारलं, पाणी सोडलं. मला आकाशातून काही ऐकू आलं नाही, हे तुला सांगून ठेवतो. पण एक झालं. त्या क्षणापर्यंत तो माझ्या लेखी एक डोळा होता. किती तासांपूर्वीचा, चकती किती स्वच्छ, एवढंच मी विचारलं होतं. भिकाजी असं मोठ्याने म्हटलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की एक माणूस मेला आहे.

नलू बरी झाली की सगळे या. खूप बोलायचंय. तुझ्या मायेवर हक्क सांगणारा,

दादा

॥ श्री ॥

मुलुंड,
ता. २१ जानेवारी १९५९

चि. सुनंदा हिस आईचे पोटभर आशीर्वाद.

हे माझ्या हातचं पत्र आहे. ओळी चढतात-उतरतात, चालवून घे. डॉक्टर पुष्कळ लिहू देत नाहीत, म्हणून चार दिवस थोडं थोडं लिहिते आहे.

विद्याधरच्या वादसभेला मी पुढच्या रांगेत बसले होते. तो उभा राहिला आणि म्हणाला, की धर्म नको हे सांगायला मी आलो होतो. माझ्या आईला डोळा विज्ञानाने दिला, नुसत्या नामस्मरणाने तो आला नसता. पण तो घेण्याइतकं आणि दहा दिवस सांभाळण्याइतकं मन तिने धर्मातून काढलं, ते माझ्या प्रयोगशाळेत नव्हतं. एवढं बोलून खाली बसला. दोन्ही बाजूंचे लोक त्याच्यावर रागावले! अध्यक्ष म्हणाले, बाजू न घेतल्याबद्दल तुमचे गुण कापले. मला वाटलं, त्याने आणखी थोडं बोलायला हवं होतं. मथुरेचं त्याने सांगितलंच नाही. तिला देवाधर्माची भीती होती, डॉक्टरी कळत नव्हती, तरी साऱ्या गावाचं ऐकून घेऊन नवऱ्याचा शब्द तिने पाळला.

म्हणून संक्रांतीनंतर तिळगूळ घेऊन आम्ही वेसाव्याला गेलो. घरात मथुरेशी कुणी धड बोलत नव्हतं. मी ओटीवर बसून सर्वांसमक्ष सांगितलं, की भिकाजीचे दहा दिवस मी धरले, माझ्या मुलाने पाणी सोडलं. बायका जवळ सरकल्या. अनंता मात्र दारातच उभा. मग म्हणाला, आजी, जरा बाहेर या.

किनाऱ्यावर नेऊन त्याने बोट दाखवलं, ते होडकं दिसतं? मी म्हटलं, दिसतं. त्याच्या पलीकडचं? दिसतं. मग पार दूर, आभाळ टेकतं तिथे एक शीड होतं. ते? थोडा वेळ लागला, पण दिसलं. डावीकडे कललंय, असं मी सांगितलं. तो मटकन वाळूत बसला आणि तोंड झाकून रडला. मग उठला, आत गेला आणि वहिनीला म्हणाला, चहा टाक, पाहुण्यांना किती वेळ बसवशील? मथुरा लगबगीने उठली. दीड महिन्यात त्या घरात पहिल्यांदाच कुणी तिला काही सांगितलं होतं.

निघताना मी तिला विचारलं, भिकाजी दिसायला कसे होते गं? फोटो कधी काढलाच नव्हता. तिने अनंताला दंडाला धरून माझ्यापुढे उभं केलं आणि म्हणाली, असेच, फक्त मिशी नव्हती आणि हसायचे जास्त. अनंता लाजून हसला. मी त्याचा चेहरा नीट पाहून घेतला.

आता संध्याकाळी दिवा लावून मी भिकाजीचं नाव घेते, तेव्हा समोर कुणीतरी असतं.

नलूला घेऊन ये, ती किती वाढली ते मला पाहायचंय. जावईबापूंना आशीर्वाद. म्हातारीवर जीव आहेच तुमचा, तो असाच असू द्या.

तुझी
आई