कोळशाशिवाय दुसरं काही

३ फेब्रुवारी

भाव पडला! ऑफिसात शिरले तर निम्मे दिवे बंद. शिपाई म्हणतो, ‘‘काटकसर आहे बाई, वरून आदेश.’’ कुठे लांब परदेशात कोळशाचा भाव उतरतो आणि आमच्या सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या संपतात. शाळेच्या छपराचं काम अर्ध्यावर थांबतं. सगळं राज्य एकाच खुंटीला टांगलेलं. ती खुंटी हलायला लागली की मगच सगळ्यांना आमची ‘नवे उद्योग’ कचेरी आठवते. कचेरी म्हणजे मोठे साहेब, मी, शिपाई आणि एक गळका कूलर.

साहेबांनी आत्तापर्यंत आणलेल्या नव्या उद्योगांची नावं मागितली. सांगितली. खाणकामगारांचे बूट शिवणारा. खाणीतले सरकते पट्टे जोडून देणारा. टोपीवरचे दिवे दुरुस्त करणारा. म्हटलं, ‘‘साहेब, हे सगळे कोळशावरच जगतात. खाण बसली की हेही बसले.’’ साहेब चष्मा पुसत म्हणाले, ‘‘बाई, कागदावर तर वेगवेगळे दिसतात ना?’’

असा संताप आला! पण चहा आला होता, तो प्यायले.

७ फेब्रुवारी

धाकटा रात्रभर खोकत होता. भिंतीपलीकडून सगळं ऐकू येतं. सकाळी विचारलं तर म्हणतो, ‘‘काही नाही ताई, धूळ बसलीय घशात.’’ अण्णाही खाणीतून आले की असंच म्हणायचे. शेवटपर्यंत म्हणायचे.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, आता खाली उतरणं बंद करा. बंद करून करणार काय? या गावात जमिनीच्या वर काम आहे कुठे? त्याच्या बायकोला मी वकीलबाई म्हणते, कारण तिच्याशी वाद घालून आजवर कोणी जिंकलेलं नाही. ती भांडी आपटत म्हणाली, ‘‘वन्सं, तुम्ही अख्ख्या राज्याला नवे धंदे शोधताय. घरातल्या एका माणसाला शोधा की!’’

डबा उचलला आणि कचेरीला निघाले.

१९ फेब्रुवारी

आले! खरंच आले! क्लोरीनचा कारखाना काढणारे. पाणी शुद्ध करायला लागतो तो वायू, टाक्यांत भरून सगळीकडे पाठवणार. कोळशाशी काडीचा संबंध नाही. या लोकांच्या मी किती पाया पडले ते माझं मला माहीत. जागा दाखवली, पाणी दाखवलं, वीज दाखवली, त्यांच्या साहेबाच्या बायकोला बाजारही दाखवला. तो आज म्हणाला, माणसं इथलीच घेऊ, खाणीतली चालतील, त्यांना पाळीची शिस्त असते.

हा नीट चालला तर काचवाले येणार आहेत. त्यांच्यामागून औषधवाले. दोघंही कुंपणावर बसून बघताहेत.

घरी सांगितलं. धाकटा हसला नाही, पण जेवताना दुसऱ्यांदा वाढून घेतलं. वकीलबाई म्हणाली, ‘‘आता कसं सरकारी नोकर शोभता!’’

४ मार्च

धाकट्याने खाणीतला दिवा जमा केला, खाण सोडली. त्याच्याबरोबर पैलवानानेही. पैलवान म्हणजे त्याचा जोडीदार. अंगाने काडी, म्हणून पैलवान. लहानपणापासून दोघं एकत्र, खालीही एकत्र. आमच्या दारात बसून म्हणाला, ‘‘ताई, उजेडात काम करायचं म्हणजे लाजच वाटणार बघा. तोंड दिसणार ना सगळ्यांना!’’

खूप हसलो.

२ एप्रिल

आजचं लिहून ठेवलंच पाहिजे. कारखान्यात धोक्याची तालीम होती. बाहेरून आलेली सुरक्षा अधिकारी, लहानशी पोरगी, केस बारीक कापलेले. तिने न सांगता पत्र्यावर जोरात हातोडा मारला. धाड!

सगळे आडवे! गावचे सगळेच्या सगळे. तोंड जमिनीला, हात डोक्यावर. मीसुद्धा! चांगली इस्त्रीची साडी नेसून मी फरशीवर पालथी. मी जन्मात खाणीत उतरले नाही, पण अण्णांनी आम्हा भावंडांना चालायला लागल्यापासून हेच शिकवलं. खाणीत वायू छताला साचतो, भडका छतावरून जातो. आवाज झाला की विचार करायचा नाही, पडायचं. या गावात लग्नाच्या मांडवात फटाका फुटला तरी निम्मे पाहुणे खाली बसतात.

उभी राहिली ती पोरगी आणि बाहेरून आलेली साहेब मंडळी. साहेब मंडळी हसायला लागली. ती हसली नाही. म्हणाली, ‘‘तुम्ही सगळे मेलात.’’

मग समजावून सांगितलं. क्लोरीन जड असतो. तो खाली बसतो, पाण्यासारखा पसरतो. इथे पडायचं नाही, उठायचं. पिवळी शिडी दिसली की चढायचं. वर, वर, वर.

पैलवान कपडे झटकत म्हणाला, ‘‘म्हणजे बापाने शिकवलं त्याच्या बरोब्बर उलटं.’’ ‘‘हो,’’ ती म्हणाली. ‘‘बरोब्बर उलटं.’’

६ एप्रिल

घरात नवा उद्योग. वकीलबाई मधेच कढईवर झाकण आपटते आणि ओरडते, ‘‘वर!’’ धाकट्याने पलंगावर चढायचं. पहिल्या दिवशी ताटासकट आडवा झाला. सगळं सांडलं. ती म्हणाली, ‘‘मेला! पुसून घे आता.’’

११ एप्रिल

आज धाकटा पलंगावर चढला! मीच आडवी पडले. चिडवून चिडवून बेजार केलं दोघांनी.

२० एप्रिल

पैलवानाला जमत नाही. धाकटा सांगत होता, रोज शपथ घेतो आणि रोज पडतो. ‘‘डोक्याला कळतंय रे, अंग ऐकत नाही,’’ म्हणतो. तो एकटा नाही, आणखीही आहेत. सुरक्षा अधिकारी माझ्याकडे आली होती. म्हणाली, ‘‘मॅडम, यांना शिकवायचं नाहीये मला. यांचं शिकलेलं पुसायचंय. त्याला वेळ लागतो. पावसाळा संपेपर्यंत तरी वायू सुरू करू नका.’’

पटलं. साहेबांशी बोलते म्हटलं.

२२ एप्रिल

बोलले. उपयोग नाही. मंत्री मे महिन्यात उद्घाटनाला येणार. कोळशाचा भाव अजून खाली गेलाय, विधानसभेत ओरड चाललीय, त्यांना दाखवायला काहीतरी हवंय. साहेब म्हणाले, ‘‘बाई, तुम्हालाच घाई होती ना कारखान्याची? आता तुम्हीच खोडा घालता?’’ मी म्हटलं, माणसं तयार नाहीत. तर म्हणाले, ‘‘खाणीतून जिवंत आलेली माणसं आहेत. त्यांना धोका शिकवायचा?’’

दोनदा बोलले. आवाज चढवून बोलले. तिसऱ्यांदा नाही बोलले. काचवाल्यांची माणसं उद्घाटनाला येणार आहेत, तेही डोक्यात होतंच.

१५ मे

उद्घाटन झालं. मंत्र्यांच्या भाषणात ‘नवी पहाट’ फार वेळा आली. धाकट्याचा खोकला मात्र खरोखर कमी आहे. संध्याकाळी स्वच्छ तोंडाने घरी येतो. वकीलबाई त्याच्याकडे नवीन माणूस आल्यासारखी बघते.

३० जून

काचवाले जागा बघून गेले. ‘‘पुढच्या महिन्यात करार करू,’’ म्हणाले. आज फार वर्षांनी गाणं गुणगुणले. शिपाई बघतच राहिला.

९ जुलै

पैलवान गेला.

१२ जुलै

लिहिते. नाहीतर वेड लागेल.

दुपारची पाळी. टाकी भरताना जोडनळीतला दाब अडवणारा पातळ पडदा फुटला. मोठा आवाज झाला. फक्त आवाजच मोठा, धाकटा म्हणतो. वायू फार नव्हता. शिडी चढून वर थांबले असते तर सगळे खोकत का होईना घरी आले असते.

धाकटा चढला. कसा चढला त्याला आठवत नाही. ‘‘झाकण ऐकू आलं,’’ एवढंच म्हणतो. वरून खाली बघितलं तर जमिनीवर पिवळट हिरवं पसरत होतं आणि त्यात पैलवान पालथा. हात डोक्यावर. आणखी दोघं त्याच्या पलीकडे. अगदी नीट, शिकवल्यासारखे.

धाकट्याने वरून हाका मारल्या. ‘‘उठ! वर ये! वर!’’ पैलवानाने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. आणि हाताने खूण केली. खाली हो, म्हणून. वेड्या, पड की खाली! त्याला वाटलं, धाकटाच चुकतोय. तो धाकट्याला वाचवत होता!

मग धाकटा खाली उतरला. ओढत आणलं त्याला शिडीपर्यंत. उशीर झाला होता. पलीकडचे दोघंही गेले. धाकटा दवाखान्यात आहे. नाकाला नळी. बोलला की धाप लागते, तरी बोलतो. तेच तेच सांगतो.

वकीलबाई एक शब्द बोलत नाही. तिचं बोलणं मला सोसलं असतं.

१८ जुलै

पैलवानाच्या घरी गेले. त्याच्या आईने पाणी दिलं. म्हणाली, ‘‘एवढी वर्षं खाली होता, काही झालं नाही. वर आणलंत आणि गेला.’’ रागाने नाही म्हणाली. रागाने म्हणाली असती तर पाय धरता आले असते.

५ ऑगस्ट

चौकशी झाली. निष्कर्ष असा की कामगारांनी चुकीची कृती केली. झालं!

सुरक्षा अधिकारी पोरीने पावसाळा संपेपर्यंत थांबा म्हणून सांगितलं होतं, ते मी समितीपुढे सांगितलं. सगळं सांगितलं, माझं गप्प बसणंही. अध्यक्ष म्हणाले, ‘‘तुमच्या भावना आम्ही समजू शकतो.’’ लिहून घेणाऱ्याने पेन खाली ठेवलं होतं.

२७ ऑगस्ट

कारखाना बंद. यंत्रं गाड्यांवर चढवून नेली. काचवाल्यांनी फोन उचलणं सोडलंय. औषधवाले म्हणे दुसऱ्या राज्यात जागा बघताहेत.

१० सप्टेंबर

भाव चढला! कुठे तरी लढाई सुरू झाली, जहाजं अडली, आणि आमचा कोळसा सोन्याच्या भावाने जायला लागला. रस्त्यात लोक हसत भेटतात. दवाखान्यात गोळ्या आल्या. शाळेच्या छपरावर माणसं चढली. साहेबांनी पेढेच वाटायचे बाकी ठेवलेत. ‘‘बघा बाई, उगाच घाबरत होतो. आपलं राज्य कोळशाचंच.’’

भाव पुन्हा पडेल तेव्हा? विचारलं मी. ‘‘पडेल तेव्हा बघू.’’ हेच आमचं धोरण. वीस वर्षं फायली हलवल्या, त्याऐवजी हे एक वाक्य भिंतीवर लिहिलं असतं तरी चाललं असतं.

धाकटा घरी आलाय. अंगणातून न्हाणीपर्यंत जाताना मधे बसावं लागतं.

१ ऑक्टोबर

आमची कचेरी मिटली. खाण खात्यात विलीन. कूलर तिकडे नेला, तिथेही गळतो. मला भरतीच्या टेबलावर बसवलंय. म्हणजे ज्या माणसांना वर आणायची धडपड केली, त्यांनाच आता खाली पाठवायचं. कारखान्यातले सगळे परत आले. माझ्याकडे बघत नाहीत. मीही मान वर करत नाही.

नोकरी सोडावी असं रोज मनात येतं. माझ्या पगारावर आता आम्ही तिघं आहोत, धाकट्याची औषधं आहेत. मनात येतं आणि जातं.

२५ ऑक्टोबर

माणसं कमी पडताहेत. मंत्री आज रेडिओवर म्हणाले, यापुढे स्त्रियांनाही भूगर्भात कामाची संधी, एक नवं दालन उघडतंय. त्यांच्याकडे शब्दांचा तुटवडा नाही.

वकीलबाई रेडिओ ऐकत होती. भाजी चिरता चिरता थांबली, मग पुन्हा चिरायला लागली.

११ नोव्हेंबर

धाकटा मला न सांगता भरतीला आला! रांगेत उभा. माझ्या टेबलासमोर येऊन म्हणाला, ‘‘ताई, वजन उचलता येत नाही, पण सरकत्या पट्ट्यावर लक्ष ठेवत बसेन.’’ डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि नाही म्हणून मान हलवली. तो भिंतीला धरून बाहेर गेला. मला त्याला घरी पोचवायलाही उठता आलं नाही, मागे रांग होती.

२१ नोव्हेंबर

भरतीची यादी लागली, त्यात वकीलबाईचं नाव. मी सुट्टीवर होते त्या दिवशी ती भरतीला येऊन गेली होती. तिची छाती चांगली निघाली. घरी आले तर ती डबा घासून पालथा घालत होती. म्हणाली, ‘‘सोमवारपासून पहिली पाळी आहे, वन्सं. मला उठवाल ना?’’

उठवीन म्हटलं.