पॉपीचं पांढरं शिंगरू

१४ एप्रिल, रविवार

पॉपी व्याली! उजाडता उजाडता. शिंगरू नर. उभं राहिलं, दूध प्यालं, सगळं ठीक. पण पांढरं! कानापासून खुरांपर्यंत पांढरं. मानेवर दोन-चार ठिपके, बास. मी पेंढ्यात बसूनच राहिले.

माझा नवरा वेंडेल कॉफी घेऊन आला. म्हटलं, "हे बघ काय झालंय." त्याने बघितलं आणि अर्धी कॉफी बुटावर सांडली. मग म्हणतो, "गोड आहे की! रंग बदलतात गं पुढे."

तीस वर्षं ही संकराची जात मी पैदा करतेय — अरबी घोड्याचा दम, ॲपालूसा घोड्याचे ठिपके. आणि हा मला सांगतो रंग बदलतात!

१५ एप्रिल

पुन्हा बघितलं. शंकाच नाही. पॉपी अर्धी अरब, अर्धी ॲपालूसा. पलीकडच्या टेकडीवरच्या आयोनीचा नजीब, तो शुद्ध अरब, कोळशासारखा काळा. गेल्या मे महिन्यात पॉपी त्याच्यासाठी आयोनीच्या कुरणात ठेवली होती. त्यांचं शिंगरू ठिपक्यांचं होईल नाहीतर साधं होईल. असं पांढरंफेक होणार नाही! त्याला ठिपक्यांचं रक्त आई आणि बाप, दोघांकडून यावं लागतं.

म्हणजे बाप नजीब नाही. कुणीतरी मला फसवलंय.

१७ एप्रिल

आयोनीला फोन केला. शिंगरू पांढरं आहे म्हणून सांगितलं.

"अगं लोरीन, त्या वेळी वादळात माझं कुंपण पडलं होतं. एखादा मोकाट घोडा शिरला असेल."

"मोकाट? आपल्या खोऱ्यात?"

"आता मला काय माहीत? गॅसवर दूध ठेवलंय, उतू जाईल हं!" फोन ठेवला.

आयोनी दूध तापवत नाही. डब्यातलं थंड पिते. मी शेजारीण आहे तिची, मला नको सांगायला.

२१ एप्रिल, रविवार

वेंडेल आयोनीकडे गेला. तिचा पंप बिघडलाय म्हणे. तो पंप बहुतेक रविवारीच बिघडतो. जाताना हकलबेरीच्या मुरंब्याच्या दोन बरण्या घेऊन गेला — त्याला वाटलं माझ्या लक्षात येणार नाही, पण मी फडताळ बघते. आयोनीला साखरेचा आजार आहे. मग मुरंबा खातं कोण?

परत आला तेव्हा त्याच्या जाकिटावर केस होते. घोड्याचे. पांढरे.

नजीबच्या अंगावर एक पांढरा केस नाही.

२२ एप्रिल

आयोनीचा नवरा जाऊन चार वर्षं झाली. बाई अजून दिसायला बरी आहे. असले विचार या वयात करावे लागतात! शी.

२४ एप्रिल

आज शिंगराला धरून तोंड नीट बघितलं. खालचा ओठ अर्धा गुलाबी, अर्धा काळा — मधोमध कुणी रेघ मारल्यासारखा. हा ओठ मी ओळखते. हा टिंडरचा ओठ आहे!

टिंडर, माझ्या रॉसचा घोडा. माझ्याच तबेल्यात जन्मलेला, पांढऱ्या अंगभर काळे ठिपके, वाऱ्यासारखा. लांब पल्ल्याच्या शर्यतीत नदीवरच्या कड्यावर तो पडला आणि रॉस त्याच्याखाली आला. पोराच्या कंबरेच्या हाडाचा चुरा झाला. दवाखान्यातूनच मी वेंडेलला सांगितलं, त्या घोड्याला गोळी घाल. रॉस पलंगावरून ओरडत होता, "आई, चूक माझी होती, त्याची नव्हती!" मी ऐकलं नाही. आजही ऐकणार नाही. वेंडेल बंदूक आणि घोडा घेऊन गेला, ट्रेलर रिकामा आणला, म्हणाला, "झालं."

रॉस चालायला लागला आणि घर सोडून गेला. दोन वर्षं झाली. फोन नाही, काही नाही. मी पोरगं गमावलं ते त्या जनावरापायी.

आणि ते जिवंत आहे?

२७ एप्रिल

जेवताना सरळ विचारलं.

"वेंडेल, टिंडरला तू मारलंस ना?"

"जेवताना काय हे!"

"मारलंस का?"

"झालं म्हणून सांगितलं होतं ना तुला." आणि उठून भांडी घासायला लागला. लग्नापासून आजवर या माणसाने ताटली विसळलेली नाही!

"झालं" म्हणाला. "मारलं" तेव्हाही म्हणाला नव्हता.

२ मे

दोघंही एकमेकांशी गोड बोलतोय. भयंकर!

४ मे

गवताचा गठ्ठा उचलताना वेंडेलची कंबर धरली. उताणा पडलाय, कुशीवर वळता येत नाही. दिवसभर एकच, "फोन दे जरा." कुणाला करायचाय? "असंच." फोन मी फ्रीजवर ठेवला.

५ मे, सकाळ

रविवार. वेंडेलची तडफड बघवत नाही. शेवटी म्हटलं, "पंप मी बघून येते."

"लोरीन, नको! आज नको जाऊस! उद्या जा, हवं तर परवा जा, मी स्वतः नेतो तुला—"

म्हणजे आजच जायला हवं. बंदूक गाडीत ठेवली आहे. त्याच्याच्याने झालं नाही ते काम मी करीन.

५ मे, संध्याकाळ

टिंडर जिवंत आहे. आयोनीच्या मागच्या कुरणात बांधलेला होता आणि एक माणूस त्याला खरारा करत होता. गाडीचा आवाज ऐकून, मागे न बघताच ओरडला, "बाबा, उशीर केलात आज!"

मग वळला. रॉस. वाळलाय. डावा पाय ओढत चालतो.

बंदूक मी सीटवर आडवी ठेवली, तिच्यावर जाकीट टाकलं, उतरले.

तो कुंपणापलीकडेच थांबला. म्हणाला, "घोड्यासाठी आलीस की माझ्यासाठी?"

"तुझ्यासाठी."

खोटं बोलले. तडक, डोळ्यात डोळे घालून!

तो फाटक उघडायला आला.