सुट्टीचा वार कोणता

तोयोसु, टोकियो
१२ मे २०२४

चि. जयमालास,
अ. आ. वि. वि.

आईपाशी चुगली करायची काही गरज नव्हती. मी तुझं लग्न लावायला निघालो नव्हतो. तूच म्हणालीस, दादा, परदेशी घरात राहून मुलं सांभाळायच्या नोकरीचा तो ऑनलाइन फॉर्म भर. भरला. माझ्यासारख्या नववी नापासाने आयुष्यात भरताना बघितलेला फॉर्म एकच, मावशीच्या मुलीसाठी मामाने वधूवर मंडळात दिलेला. म्हणून उंची लिहिली, गव्हाळ वर्ण लिहिला, रास-नाडी लिहिली, गृहकृत्यदक्ष, एकत्र कुटुंबात रमणारी असंही लिहिलं. फोटो पैठणीतला टाकला. दोघांनी पत्रिका मागवली हे खरं. पण त्यावरून तू फोन आपटलास. म्हणून आता कागदावर लिहितो, तो मध्येच आपटता येत नाही.

आता कामाचं. तिसरं उत्तर टोकियोजवळच्या त्सुकुबाहून आलंय, सुरेखाताईंचं. पुण्याच्या. त्या आणि त्यांचे यजमान संजीव, दोघंही तिथल्या संशोधन संस्थेत. मुलगी ओवी, पाच वर्षांची. मराठीत विचारलं तरी जपानीत उत्तर देते, आणि पुण्याच्या आजीचा फोन आला की दाराआड लपते. ताई म्हणाल्या, तुमचा बायोडेटा वाचून पोट धरून हसले, पण ‘एकत्र कुटुंबात रमणारी’ वाचून थांबले. त्यांना घरातल्यासारखी राहील अशी मुलगी हवी आहे.

हा फॉर्म ज्या एजन्सीचा, तिथल्या शमा मॅडमचाही फोन आला. कामाचा व्हिसा काढायचा तर महिने जातात, म्हणून तीन महिन्यांच्या फिरायच्या व्हिसावर यायचं आणि विमानतळावर भावाला भेटायला आले म्हणायचं. भाऊ तर खराच आहे, मग खोटं कुठे, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी निमंत्रणाचा कागद माझ्या सहीचा लागतो. अजून केलेली नाही. सुरेखाताईंनी जूनमध्ये एका मंगळवारी बोलावलंय, तेव्हा घर बघून येईन. मला एकच कळत नाही, घरातल्यासारखी म्हणजे काय गं?

आईचा गुडघा कसा आहे ते लिही. राग उतरला की उरलेल्या जागेत थोडा लोभ ठेव.

तुझा,
नंदकिशोर

कऱ्हाड
२७ मे २०२४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फोन मी आपटला नाही, ठेवला. आपटला असता तर नवा तुझ्याकडेच मागितला असता. आईचा गुडघा तसाच. जिना उतरवत नाही, पण बसल्या जागेवरून सगळी गल्ली चालवते.

घरातल्यासारखी म्हणजे काय, हे तू मला विचारतोस? मी शिकवायचे ती बालवाडी एप्रिलात बंद पडली, मुलंच उरली नाहीत. तेव्हापासून मी पूर्णवेळ घरातलीच आहे. पहाटे पाणी भरायचं, आईचा गुडघा शेकायचा, दोन वेळचा स्वयंपाक, मामा आले की पोहे, आणि पोह्यांबरोबर एक स्थळ. दिवाळीच्या आत उरकू म्हणतात. मला उरकायचं नाही, दादा. चोवीस वर्षांत मी एकटी कोल्हापूरच्या पुढे गेलेली नाही. घरकामच करायचं तर निदान पगार घेऊन, दुसऱ्या गावी करते. आईजवळ मावशी येऊन राहायला तयार आहे, ते मी विचारून ठेवलंय.

तू सोळाव्या वर्षी एका पिशवीनिशी घराबाहेर पडलास. जपानला पोचून चार वर्षं झाली, त्यात तीन हॉटेलं बदललीस. तुझ्या आधी कुणी घर बघून आलं होतं का? तुला पाय आणि मला उंबरा, असं का? सही कर. बाकी मी बघते. ओवीला काय आवडतं तेवढं विचारून ये.

माया आहे तशी राहू दे, सहीचं मात्र मनावर घे.

तुझी,
जयमाला

तोयोसु, टोकियो
१९ जून २०२४

चि. जयमालास,
अ. आ.

काल त्सुकुबाला जाऊन आलो. आधीच सांगतो, सही केली नाही. शिव्या देऊन घे, मग पुढचं वाच.

माणसं वाईट असती तर बरं झालं असतं. चांगली आहेत. तुझ्यासाठी ठेवलेली खोली दाखवली. खिडकी आहे, दाराला कडी आहे, पांघरूण नवं. ओवी माझं जपानी ऐकून हसत सुटली. मी ते हॉटेलच्या भट्टीपाशी शिकलो, त्यात ‘लवकर आण’ आणि ‘बाजूला हो’ याच्यापुढे फारसं काही नाही. तिला कागदाचे बेडूक आवडतात.

मग मी विचारलं, हिच्या सुट्टीचा वार कोणता? संजीवसाहेब हसले. म्हणाले, अहो, घरातलीच ती, वार कसला ठरवायचा, आम्ही बाहेर जाऊ तेव्हा तीही येईलच की. वाईट मनाने नाही बोलले. पण मला आई दिसली. घरातल्या बाईची सुट्टी विचारली की घर असंच हसतं. पुढे विचारलं, ताप आला तर कुठलं कार्ड दाखवून औषध घ्यायचं? पोलिसाने अडवलं तर कोण म्हणून सांगायचं? म्हणाले, पाहुणी. पाहुणीला पगार नसतो ना, असं माझ्या तोंडून गेलं. सुरेखाताई चहा बघायला आत गेल्या. चहा तर समोरच होता.

पायाला भिंगरी आहे म्हणून मी हॉटेलं बदलली, असं तुम्ही सगळे म्हणता. आहेच भिंगरी. पण इथल्या पहिल्या मालकाने मलाही घरातल्यासारखंच ठेवलं होतं. त्याच्या पोराच्या वाढदिवसाला टाळ्या वाजवायला मी आणि नंतर भांडी घासायलाही मीच. सोडून जाता आलं, कारण मी इथे काय काम करतो ते माझ्या इथल्या रहिवासी कार्डावर छापलेलं आहे. तुला तिथलं नाही पटलं तर तू जाशील कुठे? माझ्याकडे? आम्ही एका खोलीत चौघं झोपतो.

ताई सायकल हातात धरून स्टेशनपर्यंत चालत आल्या. म्हणाल्या, त्या आल्या तेव्हा सगळे कागद ऑफिसने केले, त्यामुळे हे कधी डोक्यातच आलं नाही. रीतसर व्हिसाचं आता त्या स्वतः विचारतील. महिने लागतील, कामाला येणाऱ्या मुलीला थोडं जपानी यायला हवं, आणि एवढं करूनही होईलच असं नाही. शब्द दिला नाही, तेच मला आवडलं.

तर तू पुण्याला जा. जपानीचा सहा महिन्यांचा वर्ग, राहायला मुलींचं होस्टेल, चौकशी मी केली आहे. त्सुकुबाचं जमलं तर उत्तम. नाही जमलं तरी शिकलेलं कुणी परत मागत नाही. मामांना म्हणावं, दिवाळीत मुलीला वर्ग आहे. मीही दिवाळीला येत नाही, तिकिटाचं बाजूला काढलेलं तुझ्याकडे वळवतोय. आईला ते मी सांगेन, तू नको.

चीड हवी तेवढी, पण पत्र लिहायचं थांबशील इतकी नको.

तुझा दादा,
नंदकिशोर

ता. क. आज तुझ्या खात्यावर भरले : बासष्ट हजार रुपये.